अपघाताचं फुटेज आहे, पण ते पुरावा म्हणून टिकेल का?



आज जरा वेगळा विषय घेतोय. मार्केटिंग नाही, जीएसटी नाही. पण तुमचं रस्त्यालगत दुकान असेल, किंवा माल पोचवायला एखादी गाडी असेल, तर हा विषय कधी ना कधी तुमच्या दारात येणारच आहे.

आधी एक प्रसंग सांगतो.

माझं डिस्पोजेबलचं होलसेल दुकान आहे. कागदी कप, द्रोण, पत्रावळ्या, पार्सलचे डबे. दुकान अगदी रस्त्याला लागून. काही वर्षांपूर्वी संध्याकाळी दुकानासमोरच एका कारने दुचाकीला उडवलं. कार थांबली नाही. आम्ही सगळे धावलो, १०८ ला फोन केला, त्या माणसाला ॲम्ब्युलन्समध्ये घातलं. आपलं काम झालं असं समजून मी परत गल्ल्यावर येऊन बसलो.

नवव्या दिवशी एक काका दुकानात आले. त्या दुचाकीवाल्याचे वडील. म्हणाले, "दादा, तुमच्या कॅमेऱ्यात दिसलं असेल ना? गाडीचा नंबर तेवढा मिळाला तर बघा."

मी मोठ्या विश्वासाने डीव्हीआर लावला. फक्त सात दिवसांचं रेकॉर्डिंग होतं. अपघाताच्या दिवसावर नवीन रेकॉर्डिंग चढलेलं. त्या काकांनी मला एक शब्दही बोलला नाही. "असू दे" म्हणाले आणि गेले. मला आजही ते "असू दे" आठवतं. कॅमेरा माझा, वीज माझी, हार्ड डिस्क माझी, सगळं असून फक्त दहा मिनिटांचं काम मी केलं नव्हतं.

म्हणून आजची मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो. कॅमेरा असणं म्हणजे पुरावा असणं नाही. अपघातानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत तुम्ही त्या फुटेजचं काय करता, त्यावर ते पुरावा म्हणून टिकणार की नाही हे ठरतं. आणि ते फुटेज आपल्या बाजूचं असो वा विरोधातलं, नियम एकच.

### तुमचा डीव्हीआर नक्की किती दिवस साठवतो?

मी ट्रेनिंगमध्ये हा प्रश्न विचारतो तेव्हा बहुतेक जण म्हणतात, "सर, महिनाभर असेल." कॅमेरा बसवणाऱ्याने तसं सांगितलेलं असतं. आपण हिशोब करून बघू.

समजा एक कॅमेरा सेकंदाला ४ मेगाबिट एवढा डेटा तयार करतो. २ मेगापिक्सेलच्या साध्या कॅमेऱ्याला जुन्या एच.२६४ पद्धतीत साधारण एवढा लागतो. ८ बिट म्हणजे १ बाइट, म्हणून सेकंदाला अर्धा एमबी. दिवसाचे ८६,४०० सेकंद. म्हणजे एका कॅमेऱ्याचे दिवसाला सुमारे ४३ जीबी. चार कॅमेरे असतील तर १७३ जीबी. हार्ड डिस्क १ टीबीची असेल तर रेकॉर्डिंग सहा दिवसही पुरत नाही!

नवीन एच.२६५ पद्धत चालू केली आणि डेटा निम्म्यावर आला, तर साधारण अकरा-साडेअकरा दिवस मिळतात. महिना हवा असेल तर मोठी डिस्क घ्यावी लागते, किंवा हालचाल झाली तरच रेकॉर्डिंग अशी सेटिंग ठेवावी लागते. पण वर्दळीच्या रस्त्यासमोर हालचाल थांबतच नाही, त्यामुळे तिथे या सेटिंगचा फारसा फायदा होत नाही.

गाडीतल्या डॅशकॅमचा हिशोब तर आणखी कडक. सेकंदाला १५ मेगाबिट धरले तर तासाला पावणेसात जीबी. ६४ जीबीचं कार्ड नऊ-साडेनऊ तासांत भरतं, आणि मग सगळ्यात जुनी क्लिप पुसून नवीन बसते. म्हणजे अपघातानंतर गाडी तशीच दोन दिवस डिलिव्हरीला फिरवली तर क्लिप गेली.

तुम्ही म्हणाल, "सर, धक्का बसला की डॅशकॅम ती क्लिप आपोआप लॉक करतो ना?" करतो. पण आपले रस्ते बघा. सेन्सर जास्त नाजूक ठेवला तर प्रत्येक खड्ड्याला एक क्लिप लॉक होते, आणि लॉक झालेल्या क्लिपांची जागा भरली की काही कॅमेऱ्यांत त्यातली जुनी क्लिप पुसली जाते, काहींत नवीन लॉकच होत नाही. म्हणून सेन्सर मध्यम ठेवा आणि महिन्यातून एकदा कार्ड रिकामं करा.

### पहिले ४८ तास: काय करायचं?

क्रम महत्त्वाचा आहे. आधी माणूस, मग व्हिडिओ.

१. जखमीला मदत. ११२ किंवा १०८. गाडी तुमची असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणं ही चालकाची आणि गाडीचा ताबा असणाऱ्याची जबाबदारीच आहे. जमाव चिडलाय आणि थांबणं शक्यच नाही, अशा वेळी कायदा सवलत देतो. पण तेव्हाही पोलिसांना लवकरात लवकर कळवायचं, जास्तीत जास्त २४ तासांत. विमा कंपनीलाही लेखी कळवायचं: पॉलिसी नंबर, तारीख, वेळ, ठिकाण, जखमींची माहिती, चालकाचं नाव आणि लायसन्सचा तपशील.

तुम्ही फक्त मदत करणारे असाल तर घाबरू नका. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १३४-अ ने चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय.

२. रेकॉर्डिंग पुसलं जाणं थांबवा. डॅशकॅम असेल तर गाडी बाजूला लावून कॅमेरा बंद करा आणि कार्ड बाहेर काढा. कार्डाला एक छोटी खटकी असेल तर ती लॉकच्या बाजूला सरकवा. घरी एक रिकामं कार्ड असू द्या, म्हणजे दुसऱ्या दिवशी गाडी अडणार नाही. दुकानाचा डीव्हीआर असेल तर त्याच दिवशी फुटेज पेन ड्राइव्हवर काढा.

३. आधीची आणि नंतरची वेळही घ्या. फक्त धडकेचे दहा सेकंद काढू नका. अपघाताच्या आधीची १५ मिनिटं आणि नंतरची अर्धा तास घ्या. सिग्नल कुठला होता, गाडी कुठून वळली, नंतर कोणी थांबलं, कोणी गाडी हलवली, हे सगळं पुढे कामाला येतं. तुकडा काढला की समोरचा वकील पहिला प्रश्न विचारणार, "बाकीचं का नाही आणलं?"

४. घड्याळ तपासा. हे फार जण विसरतात. डीव्हीआरचं घड्याळ पाच-दहा मिनिटं पुढे-मागे असतंच. डॅशकॅमची आतली बॅटरी संपली की तारीखच काहीतरी भलती दाखवतो. अशा वेळी घड्याळ दुरुस्त करायला जाऊ नका. आधी डीव्हीआरच्या स्क्रीनवरची वेळ आणि शेजारी मोबाइलवरची वेळ, दोन्ही एकाच फोटोत येतील असा फोटो घ्या. आता तुम्ही ठामपणे सांगू शकता, "माझा कॅमेरा ७ मिनिटं मागे होता, हा बघा फोटो."

५. वहीत नोंद करा. कोणत्या कॅमेऱ्याचं फुटेज, कधी काढलं, कोणी काढलं, कोणत्या पेन ड्राइव्हवर, तो आता कोणाकडे आहे. चार ओळी पुरतात. सहा महिन्यांनी कोणी विचारलं तर डोक्यातून आठवायला नको.

### व्हॉट्सॲपवर पाठवलेला व्हिडिओ का चालत नाही?

"सर, मी पोलीस काकांना व्हॉट्सॲपवर पाठवला ना!" पाठवा, माहिती म्हणून ठीक आहे. पण तोच पुरावा समजू नका. व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ पाठवला की तो दाबून लहान केला जातो. नंबर प्लेट आधीच पुसट, ती अजून पुसट होते. मूळ फाइलमधली बरीचशी माहितीही निघून जाते.

तीच गोष्ट डीव्हीआरच्या स्क्रीनचं मोबाइलने शूटिंग करण्याची. घाईत सगळे हेच करतात, मीही केलंय. काहीच नसण्यापेक्षा बरं, पण ती सावलीची सावली आहे.

मूळ फाइल का हवी, याचं एक उदाहरण देतो. समजा फुटेजमध्ये एक कार दोन खुणांमधलं अंतर १५ फ्रेममध्ये पार करते, आणि टेप लावून मोजलं तर ते अंतर १० मीटर भरलं. कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेम घेत असेल तर १५ फ्रेम म्हणजे ०.६ सेकंद. वेग निघाला ताशी ६० किलोमीटर. पण तोच कॅमेरा खरंतर सेकंदाला १५ फ्रेम घेत असेल, तर १५ फ्रेम म्हणजे पूर्ण एक सेकंद, आणि वेग फक्त ताशी ३६! कुठल्यातरी ॲपमधून फाइल बदलताना फ्रेमचं गणित बदललं, तर एखादा माणूस विनाकारण दोषी ठरू शकतो किंवा सुटू शकतो. हा हिशोब आपण करायचा नाही, तज्ज्ञ करतील. आपलं काम त्यांच्या हातात न बदललेली फाइल देणं.

म्हणून नियम साधा ठेवा:

- मूळ फाइल जशीच्या तशी. नाव बदलू नका, कापू नका, उजळ करू नका, गाणं तर अजिबात नको.
- डीव्हीआर कधीकधी स्वतःच्या वेगळ्या प्रकारची फाइल देतो, ती साध्या प्लेअरवर चालत नाही. ती बदलून घेण्याऐवजी त्याच कंपनीचा प्लेअरही पेन ड्राइव्हवर सोबत घ्या.
- दोन प्रती करा. एक पाकिटात बंद करून कपाटात, एक द्यायला. बघायला, झूम करायला तिसरी वेगळी प्रत ठेवा.
- फाइलची हॅश व्हॅल्यू काढून ठेवा.

हॅश म्हणजे काय? फाइलचा अंगठ्याचा ठसा समजा. कॉम्प्युटर पूर्ण फाइलवरून आकडे आणि अक्षरांची एक लांब ओळ तयार करतो. फाइलमध्ये एका फ्रेमचाही फरक झाला तर ती ओळ पूर्ण बदलते. आज काढलेली ओळ आणि दोन वर्षांनी कोर्टात काढलेली ओळ जुळली, म्हणजे मधे कोणी हात लावलेला नाही. विंडोजमध्ये ही सोय आधीपासून असते, कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला "एसएचए-२५६ काढून दे" म्हटलं तर दोन मिनिटांत काढून देईल. ती ओळ छापून वहीत चिकटवा.

### कायदा काय मागतो? कलम ६३ चं प्रमाणपत्र

१ जुलै २०२४ पासून जुना पुरावा कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला. जुन्या कायद्यातल्या ६५-बी चं नाव तुम्ही ऐकलं असेल. आता त्या जागी कलम ६३ आहे. व्हिडिओची प्रत पुरावा म्हणून द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचा नमुना कायद्याच्या शेवटी परिशिष्टातच दिलाय.

त्याचे दोन भाग आहेत. भाग अ भरतो तो माणूस, ज्याच्या ताब्यात ते यंत्र आहे. म्हणजे दुकानाचा डीव्हीआर असेल तर दुकानदार. भाग ब भरतो तज्ज्ञ. दोन्हींत हॅश व्हॅल्यू आणि ती कोणत्या पद्धतीने काढली हे लिहावं लागतं. म्हणून मी वर हॅशचा एवढा आग्रह धरला. तज्ज्ञ म्हणून कोणाची सही चालेल, हे तुमच्या वकिलांना विचारूनच ठरवा.

या प्रमाणपत्राचं महत्त्व ज्या निकालातून देशभर पक्कं झालं, ते प्रकरण आपल्या जालन्याचं आहे, हे माहितेय का? खोतकर विरुद्ध गोरंट्याल. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर भरला की आधी, असा वाद होता. पुरावा काय? निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ रेकॉर्डिंग. ते होतं, पण मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिलं नव्हतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १४ जुलै २०२० च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की प्रत द्यायची असेल तर प्रमाणपत्र आवश्यकच. मूळ यंत्रच कोर्टात आणून त्याच्या मालकाने साक्ष दिली तर गोष्ट वेगळी. आणि तुम्ही प्रयत्न करूनही समोरचा प्रमाणपत्र देत नसेल, तर कोर्टाकडे अर्ज करून ते मागवता येतं.

तो निकाल जुन्या कलमावरचा आहे, पण आपल्यासाठी शिकवण तीच. ज्याच्याकडून फुटेज घेता, त्याच्याकडून सहीही लागणार आहे. म्हणून त्या माणसाशी नीट बोला आणि जे मागाल ते लेखी मागा.

नुकसानभरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालतो. फौजदारी खटल्यात गुन्हा संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो, तर इथे कोणाची बाजू जास्त शक्य वाटते यावर निर्णय होतो. त्यामुळे इथे स्वच्छ फुटेजचं वजन मोठं असतं. पण वेळेचं भान ठेवा. कायद्यात अशा दाव्याला अपघातापासून ६ महिन्यांची मुदत लिहिलेली आहे. पोलिसांनाही ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. तुमचं फुटेज लवकर पोचलं तर ते या कागदांत पहिल्यापासून येतं.

### दुसऱ्याच्या कॅमेऱ्यातलं फुटेज हवं असेल तर

अपघाताच्या जागी उभं राहून चारी बाजूंना बघा. मेडिकल, पेट्रोल पंप, बँकेचं एटीएम, सोसायटीचं गेट, टोलनाका, चौकातला पोलिसांचा कॅमेरा. मागे उभ्या असलेल्या गाड्यांचे डॅशकॅमही विसरू नका. सगळ्यांची यादी करा आणि त्याच दिवशी जा.

दुकानदाराला सांगायचं, "दादा, फुटेज लगेच दिलं नाही तरी चालेल, पण पुसू देऊ नका." आणि हा एक छोटा अर्ज द्यायचा:

"दिनांक ___ रोजी सायंकाळी ___ ते ___ या वेळेत आपल्या दुकानासमोर झालेल्या अपघाताचे चित्रीकरण आपल्या कॅमेऱ्यात असण्याची शक्यता आहे. सदर चित्रीकरण पोलीस तपास व दाव्यासाठी आवश्यक आहे. कृपया ते जतन करून ठेवावे, ही विनंती."

दोन प्रती, एकीवर पोच. तोच अर्ज पोलीस ठाण्यातही द्या, म्हणजे तपास अधिकारी रीतसर मागवतील. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ ने त्यांना तो अधिकार आहे. बँक, टोलनाका किंवा सरकारी कॅमेरा असेल तर तुम्हाला हातात कोणी देणार नाही, तिथे हाच मार्ग.

आणि तुम्हीच ते दुकानदार असाल तर? पोलीस फुटेज किंवा हार्ड डिस्क घेऊन जात असतील तर पंचनाम्याची प्रत किंवा पोच मागा. स्वतःकडे एक प्रत ठेवा. "नको ती कोर्टाची भानगड" म्हणून फुटेज पुसू नका. उद्या तुमचाच डिलिव्हरी बॉय कोणाच्यातरी दुकानासमोर पडलेला असेल.

### फुटेज आपल्याच विरोधात असेल तर?

आता अवघड भाग.

त्या काकांच्या प्रसंगानंतर मी गाडीत डॅशकॅम बसवला. दोन वर्षांनी आमच्या छोट्या हत्तीचा अपघात झाला. संध्याकाळची वेळ, ड्रायव्हर उजवीकडे गल्लीत वळत होता, समोरून स्कूटर आली आणि धडकली. स्कूटरवाल्याचं मनगट मोडलं. ड्रायव्हर म्हणाला, "सर, तोच जोरात आला. हेडलाइट पण नव्हता."

मी कार्ड काढून लॅपटॉपवर लावलं. हेडलाइट खरंच नव्हता. पण आवाजही रेकॉर्ड झाला होता. धडकेच्या आधी केबिनमध्ये स्पीकरवर एक माणूस बोलत होता, "अरे कुठे पोचलास? हॉटेलवाले ओरडतायत, लवकर पोच."

तो आवाज माझा होता.

ड्रायव्हर माझ्याकडे बघत होता. हळूच म्हणाला, "सर, कार्ड खराब झालं म्हणून सांगू का?" खोटं सांगत नाही, दोन मिनिटं मी गप्प होतो. डोळ्यांपुढे विमा, पोलीस, कोर्ट, सगळं आलं.

मग मी आमच्या वकिलांना फोन केला. त्यांनी दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या. एक, कोर्टात पुरावा म्हणून येऊ नये या हेतूने रेकॉर्ड नष्ट करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, न्याय संहितेच्या कलम २४१ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. दोन, आवाज काढून फक्त चित्र द्यायचं असं करू नका. छेडलेली फाइल एकदा पकडली गेली की हेडलाइटचा खरा मुद्दाही कोणी मानणार नाही.

आम्ही पूर्ण फाइल दिली. पोलिसांना आणि विमा कंपनीला, दोघांना. ड्रायव्हरवर गुन्हा दाखल झाला. भरपाईचा दावाही आला. पण त्याच फुटेजमुळे हेडलाइट बंद असल्याचं दिसलं आणि दोष दोन्ही बाजूंचा आहे हे समोर आलं. समोरच्याचाही निष्काळजीपणा सिद्ध झाला तर त्या प्रमाणात भरपाई कमी होते. शेवटी दावा लोकअदालतीत समजुतीने मिटला, थर्ड पार्टी विमा चालू असल्यामुळे रक्कम विमा कंपनीने भरली.

कागदावर प्रकरण संपलं. पण मला त्या फुटेजने जे दाखवलं ते कुठल्याच बिझनेस कोर्समध्ये कोणी शिकवलं नव्हतं. चूक फक्त ड्रायव्हरची नव्हती, माझ्या डिलिव्हरीच्या पद्धतीची होती. मी वेळापत्रकच असं लावलं होतं की त्याला धावावं लागायचं, आणि वर मीच फोन करत होतो. त्या आठवड्यापासून दुकानात नियम केला: गाडी चालू असताना ड्रायव्हरला कोणीही फोन करायचा नाही. ग्राहकाला उशीर होत असेल तर ग्राहकाला फोन मी करायचा.

### इन्स्टाग्रामवर टाकू का?

नको. अपघाताचं फुटेज व्हायरल करून न्याय लवकर मिळत नाही. जखमी माणसाचा चेहरा, रक्त, त्याच्या घरच्यांनी ते मोबाइलवर बघणं, हे कोणालाच नको असतं. शिवाय तुम्ही वर लिहिलेलं "चूक याचीच आहे" हे वाक्य उद्या तुम्हालाच दाखवलं जाईल. फुटेज पोलीस, विमा कंपनी आणि वकील, या तिघांच्या पलीकडे जायला नको.

आणि व्हिडिओ म्हणजे सगळं सत्य असंही समजू नका. डॅशकॅमची रुंद काच अंतर फसवते, समोरची गाडी असते त्यापेक्षा लांब वाटते. रात्री हेडलाइटच्या झगमगाटात नंबर प्लेट नुसती पांढरी दिसते. कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर काय झालं ते दिसतच नाही. म्हणून जागेचे फोटो, ब्रेकच्या खुणा, साक्षीदारांचे नंबर, दवाखान्याचे कागद, हे सगळं सोबत हवंच.

### तुमचा गृहपाठ

नवीन धंदा सुरू करताय किंवा आहे तोच चालवताय, या आठवड्यात एवढं करा:

- डीव्हीआर उघडून सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग कोणत्या तारखेचं आहे ते बघा. तोच तुमचा खरा साठा.
- डीव्हीआर आणि डॅशकॅम, दोन्हींची घड्याळं मोबाइलशी जुळवा. दर महिन्याच्या १ तारखेला पुन्हा.
- फुटेज पेन ड्राइव्हवर कसं काढायचं ते स्वतः शिका आणि दुकानातल्या अजून एकाला शिकवा. कॅमेरावाला चार दिवसांनी येतो.
- डॅशकॅममध्ये सतत लिहिलं-पुसलं जाणं सहन करणारं हाय एन्ड्युरन्स कार्ड टाका. साधं कार्ड उन्हात आणि सततच्या वापराने गुपचूप मरतं.
- गाडीत एक कागद चिकटवा: ११२, १०८, विमा कंपनीचा नंबर, पॉलिसी नंबर, तुमचा नंबर.
- ड्रायव्हरला सांगून ठेवा की गाडीत कॅमेरा आहे आणि आवाजही रेकॉर्ड होतो. चोरून नको.
- दुकानासमोर काही घडलं तर कोणी मागायची वाट न बघता त्याच दिवशी फुटेज काढून ठेवायचं.

हा शेवटचा मुद्दा मी त्या काकांसाठी लिहिलाय. गेल्या काही वर्षांत आमच्या दुकानातून तीन वेळा फुटेज पोलिसांकडे गेलं. त्यातलं एकही माझ्या स्वतःच्या प्रकरणाचं नव्हतं. प्रत्येक वेळी काम दहा-पंधरा मिनिटांचं होतं.

तुमच्या डीव्हीआरमध्ये किती दिवस निघाले, ते मला कमेंटमध्ये नक्की सांगा. आणि कमी निघाले तर लाजू नका, आमचे सातच होते. भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा करा, सांभाळून करा.